कौसाबाईनं अडवलेली गाडी

कौसाबाईला लिहिता-वाचता येत न्हवतं, पण आमच्या कंपनीच्या गेटावरचा बोर्ड तिच्याइतका कोणालाच पाठ न्हवता. ज्या साहेबांनी तो लिहून घेतला त्यांना बी न्हवता.

आमची कंपनी बियाण्याची. जालन्याच्या बाहेर, मंठ्याकडं जाणाऱ्या रोडला लागून. कपाशीचं, मक्याचं बियाणं येतं, चाळलं जातं, त्याला औषध अन् लाल रंग लावतात, मंग पाकिटात भरतात. औषध लावायच्या मशीनला ट्रीटर म्हणतात. त्या ट्रीटरवर मी सत्तावीस वर्षं काढली. शाळा चौथीपर्यंत, पण मशीनचा आवाज ऐकून काय बिघडलं ते मी आधी सांगायचो, इंजिनिअर नंतर यायचा. खोटं वाटत असेल तर तिथं जाऊन दादाराव कोण म्हणून विचारा.

कौसाबाई माझ्याच खात्यात होती. झाडणं, पुसणं, अन् औषधाचे रिकामे ड्रम मागच्या शेडात नेऊन त्यांना भोकं पाडणं, हे तिचं काम. बुटकी, सावळी, पदर कमरेला खोचलेला, अन् पायात कंपनीनं दिलेले जाड बूट. बाकीच्या बाया ते बूट कपाटात ठेवून चपलीवर फिरायच्या. कौसाबाईनं ते लग्नकार्यालाबी घातले. कोणी हसलं तर म्हणायची, "हसा. तुमच्या पायावर ड्रम पडल तवा मी हसंन."

बोर्ड लागला तो कंपनीनं समाजकार्य सुरू केलं तेव्हा. सरकारचा नियम म्हणा, नाहीतर शेठच्या मनातलं म्हणा, पण रोडच्या अंगाची तीन गावं कंपनीनं हाती घेतली. नाल्यातला गाळ काढायचा, झाडं लावायची, उन्हाळ्यात पाण्याची सोय करायची. त्यासाठी तन्वी मॅडम म्हणून एक शिकलेली पोरगी ठेवली. पोरगी चांगली होती, पण लई घाईत असायची. आम्हा कामगारांचं मत विचाराल तर हा सगळा फोटोचा कारभार. बाहेर गावाला पाणी द्यायचं अन् आत बाथरूमचा नळ सहा महिने गळून राह्यलेला. हे मीबी बोलायचो, अन् मोठ्यानं बोलायचो.

कौसाबाईनं मात्र वॉचमनला गाठलं.

"काय लिव्हलंय वाच."

वॉचमननं वाचलं: पाणी वाचवू, माती वाचवू, गाव वाचवू, ही आमची जबाबदारी.

"कोनी लिव्हलं?"

"शेठनं."

"मंग शेठला बी लागू हाये?"

"गेटाच्या आत जो आला त्याला लागू."

"पुन्यांदा वाच."

तीनदा वाचून घेतलं अन् पाठ केलं. त्या दिवसापासून कंपनीत कोणाला सुख म्हणून राह्यलं न्हाई. हात धुताना नळ मोठा सोडला, की मागून आवाज: "बोर्डावर काय लिव्हलंय?" पुडी खाऊन कागद खिडकीतून टाकला: "बोर्डावर काय लिव्हलंय?" आम्ही तिला बोर्डबाई म्हणायला लागलो. तिला राग न्हवता. उलट हाक मारली की ओ द्यायची.

एकदा शेठचा ड्रायव्हर पाईप लावून गाडी धूत होता. पाणी गेटापर्यंत वाहत आल्तं. कौसाबाई गेली अन् नळ बंद करून उभी राह्यली.

"मावशी, शेठची गाडी हाये," ड्रायव्हर म्हणला.

"असू दे की. गाडी शेठची, बोर्डबी शेठचाच. दोघायचं काही भांडन हाये का?"

नेमके शेठ जिन्यावरून उतरत होते. राजेंद्रशेठ. घराणं मूळ राजस्थानचं, पण पणजोबापासून जालन्यात. बोलणं आमच्यासारखंच, फक्त चिडले की हिंदीत शिरायचे. आम्ही सगळे काम सोडून पाहून राह्यलो, आता हिंदी सुरू होते का. शेठनं पाण्याकडं पाह्यलं, तिच्या बुटाकडं पाह्यलं अन् ड्रायव्हरला म्हणले, "बराबर बोलती ती. बादली घे." मंग जाता जाता तिला म्हणले, "तू मला बी बोलशील का कधी?"

"तुमी चुकल्याबिगर कशाला बोलू?"

दुसऱ्या दिवशी बाथरूमचा नळ दुरुस्त झाला. सहा महिन्यांचं काम एका दिवसात. कोणी सांगितलं ते माहीत न्हाई, पण मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ही बाई वाटते तितकी येडी न्हाई.

दुसरी गोष्ट झाडांची. वाटूरच्या अलीकडं एक गाव आहे, कंपनीनं घेतलेल्या तीन गावांतलं. तिथं गायरानात झाडं लावायचा कार्यक्रम होता. आम्हालाबी नेलं, कंपनीच्या टोप्या घालून. खड्डे आधीच जेसीबीनं घेतलेले. मोठे पाहुणे आले, त्यांनी रोप खड्ड्यात ठेवलं, तांब्यानं पाणी घातलं, टाळ्या झाल्या. त्यांचं बघून शेठनं ठेवलं, मॅडमनं ठेवलं, आम्ही ठेवलं. पाऊण तासात सगळं गायरान लावून मोकळे. अन् सगळे चहाकडं वळले.

मागं पाहतो तर कौसाबाई गुडघ्यावर बसून पाहुण्यांचं झाड उपटून राह्यली.

मॅडम पळत आल्या. "मावशी! काय करताय? पाहुणे अजून इथंच आहेत!"

"म्हून तर जल्दी करून राह्यले. पाहुने गेले की समदेच जातेत."

तिनं रोप वर धरलं. खाली काळी पिशवी जशीच्या तशी. नर्सरीतून रोप ज्या पिशवीत येतं, ती फाडायची कोणाला आठवणच राह्यली न्हवती. पाहुण्यांनी पिशवीसगट लावलं, म्हणून आम्हीबी पिशवीसगट लावलं. अन् आम्ही सगळे शेतकऱ्याची लेकरं! ती लाज मला आजबी आठवते.

पाहुणे चहाचा कप घेऊन तिच्याजवळ आले. "काय झालं बाई?"

"साहेब, गोधडीसगट लेकराला न्हाऊ घालतंय का कोनी?" असं म्हणून तिनं दातानं पिशवी फाडली अन् रोप पुन्हा खड्ड्यात बसवलं.

पाहुणे आधी लाल झाले, मंग हसले, मंग कप खाली ठेवून बसले अन् पुढच्या रोपाची पिशवी फाडायला लागले. शेठ बसले. मंग आमची काय बिशाद उभं राहायची! सगळी झाडं काढून पुन्हा लावली. पांढऱ्या कपड्यांचा चिखल झाला. फोटोवाला तेवढ्यात निघून गेल्ता, त्यामुळं खऱ्या कामाचा एकबी फोटो कंपनीजवळ न्हाई.

त्यानंतर आमच्यात हळूहळू फरक पडला. कसा पडला ते मी डोळ्यानं पाह्यलं म्हणून सांगतो. मॅडमनं पडद्यावर चित्रं दाखवून वर्ग घेतले, त्यानं न्हाई पडला. वर्गात आम्ही चहा प्यायला जायचो. फरक पडला तो असा: ज्यानं हातानं पिशवी फाडली तो रोडनं जाताना गाडी हळू करून आपलं झाड बघायला लागला. नाल्याचा गाळ काढला तिथं पुढच्या साली पाणी थांबलं. वाटूर फाट्यावर चहाला थांबलं की त्या गावची माणसं डोक्यावरची कंपनीची टोपी ओळखायची अन् म्हणायची, "तुमी त्या कंपनीचे ना? बसा, बसा." माणसाला दुसऱ्याच्या गावात असा मान मिळाला, की मंग आपल्या कारखान्यात पाईप चालू सोडून जाताना हात आपोआप मागं येतो. नोटीस लावून माझ्याकडून कोणाला कधी काही करून घेता आलं न्हाई. मानानं मात्र करून घेतलं.

पण एका गोष्टीत आमचं मन कच्चं होतं. ती म्हणजे ड्रम.

औषध अन् रंग यायचा दोनशे लिटरच्या निळ्या ड्रममधी, वर झाकण अन् लोखंडी रिंग. मजबूत. आमच्या जिल्ह्यात असा ड्रम म्हणजे काय ते आमच्याच बायांना विचारा. नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा न्हाई, आलं की भरून ठेवायचं, अन् ठेवायचं कशात? कंपनीचा नियम असा, की रिकाम्या ड्रमला पाच भोकं पाडायची, चार बाजूला चार अन् एक बुडाला, म्हणजे कोणी पाण्याला वापरू नये. मंग असे ड्रम न्यायचा सरकारी परवाना असलेली गाडी येऊन घेऊन जायची. कौसाबाईच्या आधी हे काम ज्याच्याकडं होतं तो माणूस नरम होता. एखादा ड्रम गेटाबाहेर गेला तर तो दुसरीकडं बघायचा. कौसाबाई आली अन् ते बंद झालं. पहार घ्यायची अन् ठाण ठाण पाच भोकं.

"मावशी, एक सोड ना," पोरं म्हणायची.

"सोडते. आधी त्याच्यातलं एक पेलाभर पानी तू माझ्याम्होरं पी."

आता माझं सांगतो. माझी लेक अंकुशनगरला दिलेली, जावई साखर कारखान्यात. तिनं एकदा जावयासमोर म्हणलं, "बाबा, तुमच्या कंपनीत निळ्या ड्रमचा ढीग असतो म्हणं." मी म्हणलं, "पुढच्या खेपेला आणतो." जावयासमोर बोललेला शब्द. मी कौसाबाईकडं गेलो. मागायची मला सवय न्हाई, तरी गेलो.

"कौसाबाई, एक ड्रम पायजे. लेकीला."

"लेकीला?" ती म्हणली. "मंग तर बिलकुल न्हाई."

अन् माझ्याच डोळ्यांसमोर तिनं तो ड्रम आडवा पाडला अन् पाचही भोकं पाडली. बाजूला दोन पोरं उभी होती, ती हसली.

चार महिने मी तिच्याशी बोललो न्हाई. काही सांगायचं असलं तर तिसऱ्याला सांगायचो, "त्या बाईला सांगा, मशीनखालची फरशी पुसायची ऱ्हायली." ती तिथंच उभी असायची. ती त्याच माणसाला म्हणायची, "त्या मानसाला सांग, कवाच पुसली. चष्मा लाव म्हनाव."

त्या उन्हाळ्यात तेच वाटूरकडचं गाव टँकरवर आलं. टँकर यायचा, पण घरात पाणी साठवायला भांडी न्हवती. कंपनीनं ठरवलं, साठ घरांना साठ ड्रम द्यायचे. कार्यक्रमाचा दिवस ठरला, गावात मांडव पडला. अन् ऐनवेळी दुकानदारानं चाळीसच नवे ड्रम पाठवले. वीस कमी.

आमचे स्टोअरकीपर पन्नालालजी. साधा माणूस, पण त्यांना कशाचीबी कमी पडली की घाम फुटायचा. माझ्याकडं आले. "दादाराव, मागच्या शेडमें अपने बीस-पच्चीस पडे है ना? अच्छेसे धुऊन टाका. दोन दिवस हायेत."

शेडात ड्रम भोकं न पाडता पडलेले होते, कारण कौसाबाई भाचीच्या लग्नाला आठ दिवस सुट्टीवर गेल्ती.

मी न्हाई म्हणायला पायजे होतं. पण माझ्या मनात काय आलं ते खरं सांगतो. मनात आलं, आता दाखवतो त्या बाईला. ड्रम धुतला तर स्वच्छ होतो का न्हाई, हे इतकी वर्षं औषधात काढलेल्या माणसाला जास्त कळतं का तिला?

धुण्याचा सोडा घेतला, गरम पाणी घेतलं, काथ्या घेतला. एकेक ड्रम तीन-तीनदा घासला. लेबलं खरवडली. एक दिवस उन्हात पालथे टाकले. पन्नालालजींनी तोंड आत घालून वास घेतला. "अरे वा! नये से भी अच्छे." मॅडमला त्यांनी एवढंच सांगितलं, की इंतजाम झाला. मॅडमला वाटलं नवे आले.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी टेम्पो भरून गेटाशी उभा. पुढं कंपनीचं नाव लिहिलेलं कापड, झेंडूची माळ. मागं शेठची गाडी, शेठ अन् मॅडम बसलेले. आम्ही दहा-बाराजण जीपमधी. तेवढ्यात कौसाबाई सुट्टीवरून आली. हाताला मेंदी, हातभर हिरव्या बांगड्या, पायात बूट. सवयीनं सरळ मागच्या शेडात गेली, अन् जशी गेली तशी माघारी आली.

"माझे डब्बे कुठं हायेत?"

 तिनं टेम्पोकडं पाह्यलं. मंग चालत जाऊन टेम्पोच्या तोंडासमोर उभी राह्यली. ड्रायव्हरनं हॉर्न मारला. ती हलली न्हाई. पुन्हा मारला. ती कंत्राटावरची बाई होती हे ध्यानात घ्या. शेठनं एक शब्द म्हणला असता तर दुसऱ्या दिवशी तिला गेटात पाय ठेवता आला नसता.

शेठ उतरले. "काय हुआ? उशीर होतोय."

"शेठ, ह्याच्यातले वीस माझे हायेत."

"तुझे म्हणजे?"

"औषधाचे. मला टोचायचे ऱ्हायलेत."

मॅडमनं पन्नालालजींकडं पाह्यलं. पन्नालालजींनी जमिनीकडं. मला राहवेना. मी जीपमधून उतरलो. "मी धुतलेत. तीन पाण्यानं, सोडा लावून. ह्या कामात कोणी मला शिकवायची गरज न्हाई."

चार महिन्यांनी ती पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलली. "दादाराव, तुमची टोपी द्या."

मी त्या दिवशी कंपनीची टोपी घातलेली न्हवती. माझी स्वतःची पांढरी, धुऊन इस्त्री केलेली होती. दुसरा दिवस असता तर दिली नसती. पण मला माझ्या धुण्याची इतकी खात्री होती, की सगळ्यांसमोर काढून दिली. वर म्हणलं, "घ्या. मळली तर मी सांगाल ते हरतो."

तिनं बाटलीतलं पाणी टोपीवर ओतलं. टेम्पोत चढली, खरवडल्याची खूण असलेला एक ड्रम शोधला, तो आडवा केला अन् खांद्यासगट हात आत घातला. ड्रमच्या बुडाला कडेनं एक खोबण असते. त्या खोबणीतून टोपी फिरवली, जोर लावून, दोनदा. अन् बाहेर काढली.

टोपीवर बोटभर रुंद गुलाबी पट्टा होता. फिका न्हाई. चांगला दिसेल असा.

"ह्या डब्ब्यानं वर्सभर औषध पेलंय, दादाराव," ती म्हणली. आवाज चढवून न्हाई, समजावल्यासारखं. "तुमी त्याचं तोंड धुतलं. पोट कसं धुसाल?"

मला मशीनमधलं सगळं कळत होतं अन् हे कळलं न्हवतं.

शेठ म्हणले, "किसने किया ये?"

"मी धुतले," मी म्हणलं. कोणी सांगितलं ते बोललो न्हाई. पन्नालालजी स्वतःच पुढं आले. "शेठ, गलती मेरी है. मी सांगितलं." तेव्हापासून त्या माणसाबद्दल माझ्या मनात इज्जत आहे.

शेठ हिंदीत गेले म्हणून आम्ही घाबरलो, पण त्यांनी नुसता हात पुढं केला. टोपी हातात घेऊन उभे राह्यले. मंग म्हणले, "उतरवा. वीसच्या वीस."

मॅडम पुढं आल्या. "सर, तिथं साठ घरं आहेत. वीस घरांना काय सांगायचं?"

"सांगा, गाडी मागून येते."

"खोटं कामून सांगायचं?" कौसाबाई टेम्पोवरूनच म्हणली. "मी सांगते की."

"तू? काय सांगशील?"

"झालं ते."

शेठ टेम्पोजवळ गेले. आम्हाला वाटलं, गेली आता हिची नोकरी. ते म्हणले, "बस गाडीत."

गावात मांडवात लोक बसलेले. चाळीस घरांची नावं पुकारली, ड्रम दिले. मंग कौसाबाई उठली. माईक तिच्या तोंडाशी धरावा लागला, कारण तिला तो धरायचा कसा ते माहीत न्हवतं.

"वीस घरायला आज डब्बे न्हाईत. कामून न्हाईत ते सांगते. आमच्या कंपनीत बियाला औषध लावतेत, त्याचे रिकामे डब्बे आमी धुऊन तुमच्यासाठी भरले व्हते. धुतले तरी आतून औषध सुटून राह्यलंय. म्हून उतरून ठिवले."

एक म्हातारा उठला. "म्हंजे आमाला जहर देनार व्हते तुमी?"

 शेठ आपल्याच बुटाकडं बघत होते. मी तर जीपच्या आडच उभा होतो.

"व्हय बाबा," कौसाबाई म्हणली. "देनार व्हतो. येड्यापनानं, पर देनार व्हतो. आता न्हाई देनार."

मला वाटलं, आता दगड येतो. पण मागून एक बाई उभी राह्यली, कडेवर लेकरू. ती हळूच म्हणली, "मावशी, पर तसला डब्बा माझ्या घरात हाये. भंगारवाल्याकडून घेतला. निळा. आमी त्यातलंच पेतो."

मंग दुसरी उठली. मंग तिसरी. कोणी भंगारातून घेतलेला, कोणी फवारणीच्या औषधाचा शेतातून आणलेला. कौसाबाई स्टेजवरून उतरली अन् त्यांच्याबरोबर घरोघर गेली. अकरा निघाले. मांडवासमोर आणून ओळीनं उभे केले. एक बाई आपला सोडेना. "हा फोडला तर आज पानी कशात ठिवू?"

"आज न्हाई फोडायचा," कौसाबाई म्हणली. "आज त्यातलं वापरायला घे, प्यायाला घागर ठिव. नवा दारात आला की मंग फोडू." अन् शेठकडं वळली. "शेठ, वीस न्हाई, एकतीस लागतेन."

शेठनं तिथंच जालन्याला फोन लावला. दुकानदाराला बरंच हिंदी ऐकवलं. चार वाजता नवा टेम्पो आला, एकतीस ड्रम घेऊन. कौसाबाई तोवर जेवली न्हाई, मांडवात त्या बायांबरोबर बसून राह्यली. ड्रम उतरले तेव्हा तिनं कोणाच्या तरी घरून पहार आणली. मी पुढं झालो अन् तिच्या हातातून घेतली. अकराच्या अकरा ड्रमला भोकं मी पाडली. ती बाजूला उभी राहून सांगत होती, "बुडाला बी पाडा, दादाराव. बुडाला पाडल्याबिगर लोक मानत न्हाईत."

त्या म्हाताऱ्यानं आम्हाला चहा पाजल्याशिवाय जाऊ दिलं न्हाई.

शेठनं तिला काढलं न्हाई. महिन्याभरात कायम केलं. पन्नालालजींवर कारवाई झाली न्हाई, माझ्यावरबी न्हाई, पण रिकाम्या ड्रमचा हिशेब स्टोअरकडून काढून कौसाबाईकडं दिला. तिला लिहिता येईना, तर ती भिंतीवर कोळशानं रेघा मारायची.

पण मला खरा फरक दिसला तो पुढच्या सोमवारी. सकाळी गेटाशी येऊन पाहतो तर पॅकिंगमधला एकजण मोटारसायकलला मागं निळा ड्रम बांधून उभा. आधीच्या नरम माणसाच्या वेळी नेलेला, घरात सहा वर्षं पाण्याला वापरलेला. त्याच्या मागं दुसरा. दुपारपर्यंत सात ड्रम परत आले. कोणी नोटीस लावली न्हवती, कोणी विचारलं न्हवतं. कौसाबाईनं एकालाबी काही म्हणलं न्हाई. फक्त ड्रम घ्यायची अन् विचारायची, "घरी लेकरं बरी हायेत ना?"

माझ्या घरी एकबी न्हवता, अन् लेकीच्याबी न्हवता, ते कोणामुळं हे मला उभ्याउभ्या कळलं. मी पुढच्या खेपेला अंकुशनगरला बाजारातून नवा ड्रम नेला. जावई म्हणला, "मामा, हा तर नवा दिसतोय." म्हणलं, "व्हय." जास्त बोललो न्हाई.

पुढं तिचे गुडघे गेले. काम सोडून ती लेकाकडं राहायला गेली. मीबी रिटायर झालो. त्यानंतर तिची माझी एकदाच भेट झाली, वडीगोद्रीला. मी अंकुशनगरहून माघारी येत होतो, रोडला बसची वाट पाहत होतो. दुकानाच्या सावलीला ती बसलेली, मांडीवर भाजीची पिशवी. म्हातारी झाल्ती, पण नजर तीच.

"बसा दादाराव. तब्येत बराबर हाये ना?"

"हाये की. तुमची?"

"गुडघे सोडून समदं बराबर." मंग म्हणली, "कंपनीत रिकाम्या डब्ब्यायवर आता कोन हाये?"

मी अभिमानानं सांगितलं, "आता एका माणसाचं काम राह्यलं न्हाई ते. तुम्ही गेल्यावर सगळेच बघतेत. जो रिकामा करतो तोच टोचतो."

"सगळेच म्हंजे कोनीच न्हाई," ती म्हणली. "नाव सांगा."

मी विचार करायला लागलो. ट्रीटरवर आता नवीन पोरगी आहे, हुशार आहे, पण तिचं नाव सांगावं अन् ती सुट्टीवर असली तर? स्टोअरला नवा माणूस आहे. त्याला मी ओळखत न्हाई. कौसाबाई वाट बघत होती.

शेवटी म्हणलं, "मी जातो हप्त्यातून एकदा. मंगळवारी. वॉचमन सोडतो आत. शेडात चक्कर मारून येतो."

"रिटायर झाल्यावर बी?"

"मंग काय!"

"कोनी सांगितलं जायाला?"

"मला कोण सांगणार?"

ती हसली. "मंग तुमचंच नाव धरते," म्हणली.

अंबडकडून तिची बस आली. तिला चढता येईना, पायरी उंच होती. मी हात पुढं केला. तिनं आधी पिशवी माझ्या हातात दिली, दांडा धरून स्वतःच चढली, अन् मंग पिशवी मागून घेतली. खिडकीजवळ बसली अन् शेजारच्या बाईशी बोलायलाबी लागली. बस हलली. तिनं माझ्याकडं वळून पाह्यलं न्हाई, तिच्या लेखी ते काम झालेलं होतं.

दुसरा दिवस गुरुवार होता. मंगळवार लांब होता, तरी मी कंपनीत गेलो, थेट मागच्या शेडात.